भुंकणारा खोकला आणि शांत बाळाचा श्वास

दिवसभर थोडी सर्दी, अंगात किंचित कणकण, बाकी मूल हसते-खेळते. रात्री जेवून झोपते. मध्यरात्र उलटल्यावर मात्र असा खोकला घुमतो, की अख्खे घर उठून बसते. कुत्रे भुंकावे किंवा रिकाम्या पत्र्याच्या डब्यातून आवाज यावा, तसा तो कोरडा, खणखणीत खोकला. मूल घाबरून रडू लागते, त्याचा आवाज बसलेला असतो, आणि श्वास आत ओढताना घशातून कर्कश सूर निघतो. डॉक्टर या आजाराला ‘क्रूप’ म्हणतात. मराठीत त्याला स्वतःचे नाव नाही आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कुणी त्याला डांग्या खोकला म्हणते, कुणी घटसर्प, कुणी ‘छाती भरली’ म्हणते, तर कुणी बाळदमा. हे चारही आजार वेगळे आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत. नाव चुकले की उपाय चुकतो, आणि चुकलेला उपाय लहान मुलाच्या अरुंद घशाला परवडत नाही.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या आईबापांना आणि घरातल्या आजीआजोबांना या लेखात मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. खोकला किती मोठ्याने येतो यावर क्रूपची तीव्रता ठरत नाही. मूल शांत असताना त्याचा श्वास कसा चालतो, यावर ती ठरते. घर दणाणून सोडणारा खोकला असलेले मूल बहुतेक वेळा सुखरूप असते. उलट, खोकला कमी होऊन मूल मलूल पडले आणि छाती आत ओढली जाऊ लागली, तर धोका वाढलेला असतो. ही एक गोष्ट नीट समजली, की मुलाला रडू का द्यायचे नाही, वाफ का द्यायची नाही, औषधाचा एकच डोस का पुरतो आणि दवाखाना केव्हा गाठायचा, या सगळ्याची उत्तरे आपोआप मिळतात.

घशात नेमके काय होते

क्रूप हा बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो. पॅराइन्फ्लुएन्झा हे त्यांतले प्रमुख नाव. इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, अ‍ॅडिनो आणि करोना या विषाणूंमुळेही तो होतो. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुले त्याच्या तावडीत सर्वाधिक सापडतात, त्यातही आयुष्याच्या दुसऱ्या वर्षात. सहा वर्षांनंतर तो क्वचितच दिसतो. मोठ्यांना ज्या विषाणूमुळे नुसती सर्दी होते, त्याच विषाणूमुळे लहानग्याचा श्वास अडतो. याचे कारण शरीराच्या रचनेत आहे. स्वरयंत्राच्या लगेच खाली श्वासमार्गाभोवती कूर्चेचे एक अखंड कडे असते. ते ताणत नाही, फाकत नाही. त्याच्या आतल्या अस्तराला सूज आली, तर तिला बाहेरच्या बाजूला जागाच नसते. ती आतली वाट बुजवते.

हिशेब सोपा आहे. समजा वाट चार मिलिमीटर रुंद आहे आणि अस्तर सगळीकडून एक मिलिमीटर सुजले. वाट दोन मिलिमीटर उरली. क्षेत्रफळाने ती पाव झाली, आणि तेवढीच हवा तिच्यातून ओढायला लागणारा जोर सुमारे सोळा पटींनी वाढला. मोठ्या माणसाच्या घशात एवढ्याच सुजेने फक्त आवाज घोगरा होतो. आता या अरुंद वाटेने मूल रडत-रडत, जोराने, भराभर हवा ओढू लागले, तर हवेत भोवरे उठतात, कोवळ्या श्वासनलिकेच्या भिंती आत खेचल्या जातात आणि वाट आणखी आवळते. अडलेल्या श्वासाने मूल घाबरते आणि पुन्हा रडते. हे चक्र तोडणे हा उपचाराचा पहिला भाग आहे, आणि तो आईच्या हातात आहे.

एक फरक इथेच लक्षात ठेवावा. दम्यात किंवा बाळदम्यात अडथळा छातीतल्या बारीक नळ्यांत असतो, म्हणून श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. क्रूपमध्ये अडथळा घशाशी असतो, म्हणून श्वास आत घेताना आवाज येतो. डॉक्टर त्याला ‘स्ट्रायडॉर’ म्हणतात. आवाज आत घेताना की बाहेर सोडताना, एवढे पालकांनी नीट सांगितले तरी डॉक्टरांचे अर्धे काम होते. मोबाइलवर वीस-तीस सेकंदांचे चित्रीकरण करून ठेवले तर आणखी उत्तम, कारण क्रूप रात्री भडकतो आणि सकाळी दवाखान्यात पोहोचेपर्यंत मूल पुष्कळदा ठीक दिसते.

कसे पाहावे, केव्हा निघावे

मुलाला उचलून मांडीवर सरळ बसवा. त्याला ज्या स्थितीत बरे वाटते त्या स्थितीत राहू द्या. आडवे निजवायची जबरदस्ती करू नका. घरात पाच जण एकदम बोलत असतील तर त्यांना गप्प करा. अंगावर पिणारे बाळ असेल तर अंगाला लावा. मूल शांत झाले की त्याचा सदरा वर करा आणि उजेडात एक मिनिट नुसते पाहा. गळ्याच्या तळाशी, दोन हाडांच्या मध्ये जी खळगी असते, ती प्रत्येक श्वासाला आत जाते का? बरगड्यांच्या मधली किंवा खालची जागा आत ओढली जाते का? शांत बसलेले असतानाही श्वास आत घेताना आवाज येतो का? मूल तुमच्याकडे पाहते का, पाणी पिते का, खेळणे धरते का?

खोकला भुंकल्यासारखा आहे, आवाज बसला आहे, पण शांत असताना श्वासाला आवाज नाही आणि छाती आत जात नाही, तर आजार सौम्य आहे. अशा मुलाला घरीच जवळ घेऊन निजवावे, रात्रभर लक्ष ठेवावे आणि सकाळी, शक्य असल्यास आधीच, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. शांत असतानाही आवाज येत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये, तेव्हाच निघावे. ओठ किंवा जीभ निळसर-करडी पडली, मूल सुस्तावले, ओळख देईना, श्वास मध्येच थांबू लागला, पाणी गिळता येईना किंवा तोंडातून लाळ गळू लागली, तर एक क्षणही दवडू नये. सहा महिन्यांच्या आतले बाळ, अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले मूल, हृदयाचा किंवा श्वासनलिकेचा जुना आजार असलेले मूल यांना लक्षणे सौम्य दिसली तरी लवकर दाखवावे. गावोगावच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना बालआजारांचे जे प्रशिक्षण मिळते, त्यातही शांत मुलाच्या श्वासाला येणारा हा आवाज धोक्याचे चिन्ह मानला आहे आणि अशा मुलाला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवायला सांगितले आहे.

इथे एक आक्षेप येतो. कोविडनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र आले आहे. ते ९८ दाखवते, मग घाई कशाला? पण क्रूपमध्ये ऑक्सिजन उशिरा घसरतो. मूल पोट आणि छातीचा जोर लावून, घाम गाळून तो आकडा टिकवून धरते. ते थकले की आकडा कोसळतो आणि तोवर हातातला वेळ निघून गेलेला असतो. यंत्रावरचा आकडा चांगला आहे म्हणून आत जाणाऱ्या बरगड्यांकडे दुर्लक्ष करणे ही मोठी चूक आहे.

एकच डोस, आणि त्यामागचा पुरावा

क्रूपवर खरा परिणाम करणारे औषध स्वस्त, जुने आणि सहज मिळणारे आहे: डेक्सामेथासोन. ते भारताच्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. ते अस्तराची सूज उतरवते. वजनाच्या दर किलोला ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम या हिशेबाने डॉक्टर त्याचा बहुधा एकच डोस देतात. परिणाम साधारण दोन तासांत जाणवू लागतो आणि दीड-दोन दिवस टिकतो. आजार जोर धरतो तो काळही जवळपास तेवढाच असल्यामुळे एक डोस पुरतो. तोंडाने दिलेले औषध इंजेक्शनाइतकेच काम करते. हा मुद्दा आपल्याकडे मुद्दाम ठासून सांगावा लागतो, कारण सुई टोचल्याशिवाय उपचार झाला असे पुष्कळांना वाटत नाही. क्रूपच्या मुलाला सुई टोचली की ते रडते, आणि रडणे म्हणजे काय हे आपण वर पाहिलेच. मूल गिळत असेल, उलटी करत नसेल, तर ‘तोंडाने देता येईल का?’ हे डॉक्टरांना नम्रपणे विचारणे पालकांचा हक्क आहे.

‘दहातली आठ मुले आपोआप बरी होतात, मग स्टेरॉइड कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या नोंदींत क्रूपची सुमारे ८५ टक्के मुले सौम्य गटातली होती. अतितीव्र आजार एक टक्क्याहूनही कमी मुलांना होता. पण नेमक्या अशा सौम्य आजाराच्याच ७२० मुलांवर कॅनडात केलेली चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना डेक्सामेथासोनचा एक डोस दिला, निम्म्यांना औषध नसलेले तसेच दिसणारे द्रव्य. औषध मिळालेल्या गटातल्या ७.३ टक्के मुलांना पुन्हा दवाखान्यात न्यावे लागले, न मिळालेल्या गटातल्या १५.३ टक्के मुलांना. पुढे २०१८ मध्ये ४३ चाचण्यांतल्या ४५६५ मुलांची माहिती एकत्र तपासली गेली. तिथेही स्टेरॉइडने त्रास दोन तासांत उतरू लागतो आणि पुन्हा दवाखान्यात येणे सुमारे निम्म्यावर येते, असेच दिसले. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ येथे १२५२ मुलांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ०.१५ मिलिग्रॅमचा लहान डोसही मोठ्या डोसच्या तोडीचा ठरला.

शहरातल्या पालकांपेक्षा हे आकडे खान्देशातल्या वाडीपाड्यांना अधिक लागू पडतात, असे माझे ठाम मत आहे. दवाखाना पाच मिनिटांवर असेल, तर पुन्हा जावे लागणे ही फक्त गैरसोय असते. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतल्या सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यावरून रात्री दोन वाजता पुन्हा निघावे लागणे ही आपत्ती असते. शिरपूर ते धुळे किंवा चोपडा ते जळगाव हे प्रत्येकी पन्नासएक किलोमीटरचे अंतर. पाड्यावरून तालुक्यापर्यंतचा प्रवास त्याहून वेगळा. ज्यांना परतीचा रस्ता लांब आहे, त्यांना पहिल्याच भेटीत तो एक डोस मिळणे सर्वांत गरजेचे आहे.

‘पण स्टेरॉइड!’ हा दुसरा आक्षेप, आणि त्यामागची भीती खोटी नाही. हाडे ठिसूळ होणे, वाढ खुंटणे, साखर वाढणे, जंतुसंसर्ग बळावणे हे दुष्परिणाम खरे आहेत. कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइडच्या बेसुमार वापराचे आणि काळ्या बुरशीचे नाते आपण पाहिले आहे. पण हे दुष्परिणाम प्रामुख्याने आठवडेच्या आठवडे किंवा वारंवार घेतलेल्या औषधाचे असतात. क्रूपसाठीचा एक डोस वेगळा. त्याने मूल थोडे चिडचिडे होऊ शकते किंवा क्वचित उलटी होते, यापलीकडे सुदृढ मुलात सहसा काही घडत नाही. मुलाला नुकत्याच कांजिण्या झाल्या असतील, क्षयाचा संशय असेल किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर तेवढे डॉक्टरांना आधी सांगावे. आणि हाच युक्तिवाद उलट बाजूनेही पाळावा: घरात उरलेली स्टेरॉइडची बाटली प्रत्येक सर्दी-खोकल्याला काढू नये. औषधाच्या दुकानातून मनाने आणून देऊ नये. एक डोस सुरक्षित आहे तो योग्य आजारात, योग्य वजनाला आणि डॉक्टरांच्या निदानावर दिल्यामुळे.

आजार मध्यम किंवा तीव्र असेल, तर रुग्णालयात अ‍ॅड्रिनॅलिन औषध नेब्युलायझरमधून देतात. ते दहा ते तीस मिनिटांत सूज ओसरवते, पण साधारण दोन तासांत त्याचा असर संपतो. म्हणून ते दिल्यावर मूल हसू लागले तरी दोन ते चार तास रुग्णालयातच थांबवून घेतात. ‘आता बरे आहे, आम्ही निघतो’ हा हट्ट धरू नका. तालुक्याहून जिल्ह्याला मुलाला हलवताना हा दोन तासांचा हिशेब आणखी महत्त्वाचा होतो. निघण्यापूर्वी औषध केव्हा दिले त्याची वेळ कागदावर लिहून घ्या आणि पुढच्या डॉक्टरांना दाखवा. घरी दम्यासाठी आणलेल्या नेब्युलायझरमधले साल्ब्युटामॉल मात्र क्रूपमध्ये कामाचे नाही. ते छातीतल्या नळ्या सैल करते. घशातली सूज त्याने उतरत नाही.

वाफ, धुरी आणि गार वारा

‘वाफ पिढ्यान्‌पिढ्या देत आलो आहोत’, हे खरे. पण ती तपासून पाहिली गेली आहे. कॅनडातल्या टोरांटो येथे क्रूपच्या १४० मुलांवर दमट हवेचे वेगवेगळे प्रकार वापरून केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. दमट हवेने मुलांना फायदा झाला नाही. उकळत्या पाण्याने भाजण्याचा धोका मात्र पुरेपूर आहे. मूल दचकते, लाथ मारते, भांडे कलंडते. चादरीखाली कोंडलेले घाबरलेले मूल रडते, हे तर आणखी वाईट. ज्या उपायाचा लाभ दिसत नाही आणि धोका स्पष्ट आहे, तो परंपरेचा असला तरी सोडलाच पाहिजे. ओव्याची किंवा उदाची धुरी, पऱ्हाट्यांच्या चुलीजवळ बाळाला शेकणे, बंद खोलीत शेगडी, घरात बिडी-सिगारेट या सगळ्यांचा धूर सुजलेल्या अस्तराला आणखी चिडवतो. आणि छाती आत जाते म्हणून पोटावर चटके देणे किंवा बिब्बा घालणे ही तर मुलाला दिलेली शिक्षा आहे. त्या वेदनेने ते किंचाळते आणि आधीच अडलेली वाट बंद होण्याच्या बेतास येते. हे करणाऱ्या आजीचे प्रेम खोटे नसते. म्हणूनच तिला दटावण्यापेक्षा कारण समजावून सांगावे: घसा सुजला आहे, रडवले तर श्वास अडेल.

गार हवेची गोष्ट निराळी निघाली. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा येथे ११८ मुलांवर केलेली चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांना डेक्सामेथासोन दिले. निम्म्यांना अर्धा तास बाहेरच्या दहा अंशांखालच्या हवेत ठेवले, निम्म्यांना खोलीत. अर्ध्या तासाने बाहेरच्या गटातल्या ४९.२ टक्के मुलांचा त्रास कमी झाला, आतल्या गटातल्या २३.७ टक्के मुलांचा. औषधाचा असर सुरू होईपर्यंतचा वेळ निभावून नेण्यापुरता हा उपयोग आहे. औषधाला तो पर्याय नाही. धुळे-जळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा कित्येकदा दहा अंशांखाली जातो. अशा रात्री मुलाचे अंग, कान नीट गुंडाळून, तोंड मोकळे ठेवून दहा-पंधरा मिनिटे ओट्यावर किंवा उघड्या खिडकीशी धरले, तर अपाय नाही. दवाखान्याच्या वाटेवर गाडीची काच थोडी खाली ठेवावी. ‘गार वारा लागेल’ म्हणून मुलाच्या तोंडावरून गोधडी ओढण्याची आपली सवय मात्र क्रूपमध्ये घातक आहे. उन्हाळ्याच्या रात्री ही सोय नसते. तेव्हा फ्रिजसमोर मुलाला तिष्ठत ठेवण्यापेक्षा त्याला शांत ठेवून निघणे शहाणपणाचे.

प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक, विषाणूंवर चालत नाहीत. क्रूपमध्ये ती नेहमीची गरज नाही. खोकल्याच्या औषधांचे तर नावच काढू नये. क्रूपचा खोकला छातीतल्या कफाचा नसतो, त्यामुळे कफ सुटण्याची औषधे व्यर्थ आहेत, आणि गुंगी आणणारी औषधे धोक्याची. मूल औषधाने झोपले की श्वासाने थकले, हे ओळखता येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असलेल्या खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत, अशी सूचना पुन्हा दिली. ज्या औषधाचा उपयोगच नाही, त्याचा लहानसा धोकाही आपण कशासाठी पत्करावा? ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, थोडे थोडे कोमट किंवा साधे पाणी, पेज, वरणाचे पाणी, अंगावरचे दूध, एवढे पुरे. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये.

क्रूपसारखे दिसणारे, पण क्रूप नसलेले

तीन गोष्टी क्रूपचे सोंग घेतात आणि त्या ओळखण्यात चूक झाली तर जीव जातो. पहिली घटसर्प. विषाणूजन्य क्रूप अचानक रात्री येतो. घटसर्पात ताप बेताचा, पण मूल फार थकलेले, घशात करडा-पांढरा पडदा, मानेला सूज आणि त्रास दिवसागणिक वाढत जाणारा. त्याला प्रतिविषाचे इंजेक्शन वेळेत लागते. दुसरी, घशाच्या झाकणाला जिवाणूंमुळे आलेली सूज: जोराचा ताप, भुंकणारा खोकला जवळपास नाहीच, मूल पुढे वाकून, हनुवटी पुढे काढून बसलेले आणि तोंडातून लाळ गळणारी. अशा मुलाच्या तोंडात चमचा किंवा बोट घालून घसा पाहण्याचा प्रयत्न घरी मुळीच करू नये. त्या एका धक्क्याने श्वास पूर्ण बंद होऊ शकतो. तिसरी गोष्ट आपल्या खान्देशात फार जवळची: शेंगदाणा. भुईमुगाच्या शेंगा, फुटाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया यांतले काही खाताना मूल अचानक ठसकले आणि त्यानंतर आवाज किंवा खोकला सुरू झाला, ना सर्दी ना ताप, तर श्वासनलिकेत दाणा अडकल्याचा संशय धरावा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठावे. नंतर खोकला थांबला तरी गाफील राहू नये. चार वर्षांखालच्या मुलांच्या हातात अख्खा शेंगदाणा देऊ नये. कूट करून द्यावा.

यांतल्या पहिल्या दोन आजारांना रोखणाऱ्या लसी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला आणि घशाच्या झाकणाला सूज आणणारा हिब जिवाणू या तिघांपासून संरक्षण देते. सोळा ते चोवीस महिन्यांत आणि पुन्हा पाच-सहा वर्षांत त्रिगुणी लसीचा वर्धक डोस असतो. गोवरातही क्रूप होतो आणि तो अवघड असतो. त्यासाठी नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांत गोवर-रुबेला लस आहे. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबई आणि भिवंडीबरोबर धुळ्याच्या शेजारच्या मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला होता, ही जुनी गोष्ट नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा मजुरीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचे डोस नेमके याच काळात चुकतात. स्थलांतर करताना लसीकरणाचे कार्ड सोबत न्या; त्या कार्डावर दुसऱ्या गावात, दुसऱ्या राज्यातही लस मिळते.

मदत कुठे, आणि मागणी कोणती

रात्री निघायचे ठरले तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेली ही रुग्णवाहिका मोफत आहे. फोनवर ‘खोकला आहे’ एवढेच सांगू नका. ‘दीड वर्षाचे मूल, शांत असतानाही श्वासाला आवाज, छाती आत जाते’ असे सांगा. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय हा पहिला टप्पा. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे मोठे टप्पे. मूल कडेवर, ओळखीच्या माणसाजवळ राहू द्या. ऑक्सिजनचा मास्क चेहऱ्यावर दाबल्याने ते रडत असेल, तर आईला तो थोडा दूर धरू देण्याची विनंती करा.

‘पाड्यावरच्या आईला हे बरगड्यांचे, खळगीचे काय कळणार?’ असे शिकलेली माणसे म्हणतात. हा आक्षेप महाराष्ट्रानेच खोटा ठरवला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि दायांना लहान मुलांचा श्वास पाहून निमोनिया ओळखायला शिकवले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, हे काम चाललेल्या गावांमध्ये पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे निमोनियाने ८.१ मृत्यू झाले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५. गावातल्या साध्या बाया मुलाचा श्वास अचूक ओळखू शकतात, आणि ओळखला तर मुले वाचतात. मग आशाताईंच्या बैठकीत शांत मुलाच्या श्वासातला आवाज ऐकवायला दहा मिनिटे द्यावीत, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रीच्या ड्युटीवरच्या माणसाला डेक्सामेथासोनचा वजनानुसार डोस भिंतीवरच्या तक्त्यात दिसावा, ही मागणी ग्रामसभेने करायला हवी. औषध महाग नाही, यंत्रे मोठी नाहीत. कमी आहे ती फक्त माहिती.

क्रूप बहुधा दोन-तीन रात्रींत ओसरतो, खोकला आठवडाभर रेंगाळतो. दिवसा बरे वाटले तरी दुसऱ्या रात्री तो पुन्हा डोके वर काढतो, म्हणून मुलाला जवळच निजवा. वारंवार क्रूप होत असेल, तर घशाची तपासणी करून घ्या. आणि ज्यांच्या घरी आज मूल ठणठणीत आहे, त्यांना एक विनंती. आज ते झोपल्यावर त्याचा सदरा वर करून एक मिनिट त्याचा श्वास पाहून ठेवा: गळ्याची खळगी स्थिर, बरगड्या स्थिर, पोट हलके वर-खाली, आवाज नाही. निरोगी श्वास कसा दिसतो हे ज्या घराला माहीत असते, त्याच घराला बिघडलेला श्वास वेळेत ओळखता येतो.